लोलक नसलेली घंटा

आमच्या घरमालकांच्या रजिस्टरमध्ये चार रकाने होते: वेळ, आवाज, इसम आणि संशय. संशयाला ते दहापैकी गुण द्यायचे. दूधवाल्याला तीन, पेपरवाल्याला चार, कुरिअरवाल्यांना सरसकट सहा. मी पहिल्यांदा घर बघायला गेले त्या दिवसाची नोंद पुढं कधीतरी माझ्या नजरेस पडली. 'नवीन बाई, नागपूर. आवाज टिंकल. संशय सात.' तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला होता. मी काय यांच्या घरावर दरोडा घालायला आले होते? आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, तर त्या सातबद्दल माझी काही तक्रार नाही.

घर बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये होतं. खाली ते एकटे, वर मी. दोन्ही बाजूंना पाच-पाच मजल्यांचे पीजी उभे राहिलेले आणि मधे हे दोन मजल्यांचं घर, पुढं कढीपत्त्याचं झाड, मागं एक नारळ. आठवड्यातून एखादा तरी बिल्डरचा माणूस फाटकात आपलं कार्ड खोचून जायचा. ते कार्ड दोन बोटांत मेलेल्या झुरळासारखं धरून ते आत न्यायचे आणि रजिस्टरला टाचून ठेवायचे. "पुरावा," म्हणायचे. कशाचा ते विचारलं की म्हणायचे, "ते पुढं कळेल की."

वय शहात्तर. अंगानं काटकुळे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेली. घराणं कित्येक पिढ्या कन्नड मुलखात मुरलेलं, त्यामुळं त्यांची मराठी घरात जपून ठेवलेल्या जुन्या भांड्यासारखी होती, आणि तिच्यात स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं, हे कन्नड शब्द मिठासारखे पडलेले असायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना 'काका' म्हटलं.

"काका नको," ते म्हणाले. "इथं अण्णा म्हणतात. काका म्हणून येणारी माणसं काहीतरी मागायला येतात."

मी घर मागायलाच आले होते. तेव्हापासून ते माझे अण्णा झाले आणि मी, त्यांच्यापेक्षा पंचेचाळीस वर्षांनी लहान असून, त्यांची अक्का झाले.

फाटकाला विजेची बेल नव्हती. व्हरांड्याच्या छताला एक पितळी घंटा टांगलेली होती, आणि तिची दोरी दोन कड्यांतून फिरवून फाटकाबाहेर आणलेली. येणाऱ्यानं ती ओढायची. विजेची बेल का नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं करुणेनं बघितलं. "विजेच्या बेलला स्वभाव नसतो, अक्का. मंत्र्यानं दाबली काय आन् चोरानं दाबली काय, ती एकच रडणार. दोरीत माणसाचा हात कळतो."

आणि त्यांना तो कळायचा, निदान त्यांचा तसा दावा होता. एक्स्चेंजमध्ये काम नसे तेव्हा त्यांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला होता. बाकीचे शब्द विसरले असतील, पण घंटेच्या आवाजाचे शब्द त्यांनी एखाद्यानं नाणी जमवावीत तसे जमवले होते, प्रत्येकाच्या कुळाच्या माहितीसकट. फाटकावरचा प्रत्येक आवाज त्यांपैकी एका शब्दात बसवला जायचा. सलग जोरात वाजली की 'पील'. हा शब्द म्हणजे अपीलचा डोकं उडालेला तुकडा आहे, असं ते सांगायचे. बाहेरचा अपील करतो आणि आतला निकाल देतो. गोड वाजली की 'चाइम', ती झांजेच्या घराण्यातली. संथ, थांबून थांबून वाजली की 'टोल', आणि ते ऐकून त्यांचा चेहराच बदलायचा. तो शब्द ओढण्यावरून आलेला आहे, त्या रस्त्यावरच्या टोलचा आणि याचा काहीएक संबंध नाही, हे त्यांनी एका गॅसवाल्याला सिलिंडर खांद्यावर असताना फाटकात उभं करून समजावलं होतं. गॅसवाला कन्नडमध्ये एवढंच म्हणत होता की सार, आधी दार उघडा.

पण त्यांचा खरा जीव होता तो टिन्टिनॅब्युलेशन या शब्दावर. सकाळी फिल्टर कॉफीचा पहिला घोट घेऊन झाला की ते तो एकदा मोठ्यानं म्हणायचे, दुसरे लोक रामनाम घेतात तसा. मी जिन्यावरून उतरताना सापडले की मला धरायचे.

"टिन्नीरे म्हणजे वाजणं. लॅटिन. ते दोनदा म्हटलं की टिन्टिन. त्याला शेपूट लावलं की टिन्टिनॅब्युलम, म्हणजे घंटी. आन् घंट्यांचा नाद उठतो तो सगळा मिळून टिन्टिनॅब्युलेशन."

"आम्ही त्याला किणकिण म्हणतो नं, अण्णा. तीन सेकंदांत काम होते."

"तेच की! तुम्हीही दोनदाच म्हणता. किण असं एकदाच म्हणून बघा. अर्धवट वाटतं की नाही? आवाज परत येतो म्हणून शब्द परत येतो. रोमन लोक दारात घंट्यांची माळ टांगायचे, ठाऊक आहे? वाईट नजर आत येऊ नये म्हणून." आणि मग रस्त्याकडं बघून, आवाज उतरवून म्हणायचे, "ते लोक शहाणे. त्यांना ठाऊक होतं, नजर आधी येते, माणूस मागून येतो."

या माणसाचा कुणावरही विश्वास नव्हता. विजेच्या मीटरच्या पेटीवर ते रोज सकाळी तारीख घातलेली कागदाची पट्टी चिकटवायचे. कढीपत्त्याच्या खालच्या फांदीला त्यांनी दोरा बांधला होता. दोऱ्याच्या वरच्या डहाळ्या आपल्या आणि खालच्या चोरासाठी सोडलेल्या, म्हणजे चोर किती आला ते कळतं, असा हिशेब. मला कढीपत्ता हवा असला तर मी वरचा घ्यायचा की खालचा, हा प्रश्न मी एकदा विचारला. ते दोऱ्याकडं बघून म्हणाले, "खालचा घ्या."

आता माझ्याविषयी सांगते, नाहीतर हे एकतर्फी होईल. मी सॉफ्टवेअर टेस्टर. बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस जायचं, बाकीचे दिवस घरून काम. दुसऱ्यानं जीव ओतून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट शोधणं, यावर माझं पोट चालतं. म्हणजे संशयाचा मला पगार मिळतो. अण्णा तेच काम फुकट करत होते, एवढाच फरक. खोट सापडली की ती नोंदवायची आमची एक ठरलेली पद्धत असते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि गांभीर्य किती. कारण लिहायचं नाही. कारण शोधणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम, आपण मधे आपली अक्कल पाजळायची नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, आणि ते माझ्या चांगलंच हाडीमांसी खिळलं आहे.

अण्णांना एकच मुलगी. ती मेलबर्नला. मी राहायला आले त्याच आठवड्यात तिचा मला फोन आला. आवाज थकलेला, पण बोलणं नीटस. अण्णा फोनवर काही सांगत नाहीत, सगळं ठीक म्हणतात आणि ठेवून देतात. तुम्ही वर असता, तर जरा लक्ष ठेवाल का, दर रविवारी मी फोन करत जाईन. मला त्यात काही गैर वाटलं नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या मुलीनं काळजी करू नये तर कुणी करावी? पण ही गोष्ट मी अण्णांना सांगितली नाही, आणि रविवारी तिचा फोन आला की बोलायला गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात जायचे, जिथून खालचा व्हरांडा दिसत नाही. काही गैर नव्हतं तर कोपऱ्यात का गेले, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

तिच्या बोलण्यात घराचा विषय हळूहळू यायला लागला. एका बिल्डरशी तिची बोलणी चालली होती. अण्णांना तिकडं न्यायचं, नाहीतर वृद्धांच्या एखाद्या चांगल्या वसाहतीत ठेवायचं. "ते ऐकत नाहीत. म्हणतात, मला काय झालंय? आणि खरंच, काही झालेलं नाही तोवर मी तरी कशी जबरदस्ती करू?" म्हणजे काही होईपर्यंत घर अण्णांचं होतं. अण्णांनाही ते पक्कं ठाऊक होतं. सर्दी झाली तरी ते मफलर गुंडाळून घरात बसायचे, शेजाऱ्यांना शिंक ऐकू जाऊ नये म्हणून.

मग ते वाजवून पळणं सुरू झालं.

दिवाळी नुकतीच झाली होती. रोज दोनदा, तीनदा ते "यारु?" म्हणजे कोण आहे, असं ओरडत बाहेर यायचे, फाटक उघडायचे, रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघायचे, आणि कुणी नसायचं. रजिस्टरमध्ये इसमाच्या रकान्यात 'पळाला' असं लाल पेनानं यायला लागलं. मी वरून काही ऐकलं का, हे ते मला रोज विचारायचे. मी बहुतेक वेळ कानात इअरफोन घालून मीटिंगमध्ये असायचे, त्यामुळं मला काही सांगता यायचं नाही. याचाही त्यांना संशय आला असावा, कारण माझ्या उत्तरानंतर ते नेहमी लाल पेनाचं टोपण काढायचे.

शेवटी त्यांनी गुन्हेगार शोधून काढला. समोरच्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. वय बहात्तर, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, फाटकापर्यंत यायलाच त्यांना पाच मिनिटं लागायची.

"अहो अण्णा, त्यांना चालता येत नाही. वाजवून पळतील कसे?"

"म्हणूनच की. त्यांच्यावर कोण संशय घेईल?"

ते रजिस्टर काखेत मारून समोर गेले. मी वरून बघत होते. काय बोलणं झालं ते कन्नडमधलं मला सगळं कळलं नाही, पण समोरच्या बाईंचा चढलेला आवाज कळला, आणि त्यांच्या यजमानांनी काठी टेकत एकेक पाऊल टाकून दाखवलं, तेही कळलं. हे बघा, मी असा चालतो. अण्णा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या दिवशी त्यांनी रजिस्टर उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी घरीच, बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. अण्णा बाहेर आले, फाटक उघडलं, रस्ता बघितला, आत गेले. थोड्या वेळानं पुन्हा. मी इअरफोन काढून ठेवले आणि लक्ष देऊन ऐकायला लागले. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मला खात्रीनं माहीत होतं की घंटा वाजलेली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारपर्यंत मी सहा वेळा मोजलं, आणि मग मी खाली उतरून, फाटकाबाहेर जाऊन दोरी ओढली.

काहीच आवाज झाला नाही. मी पुन्हा ओढली. घंटा वर डोलली, पण मुकी. व्हरांड्यात येऊन खालून तिच्या आत बघितलं तर तिला लोलकच नव्हता. मधला तो लोंबता पितळी गोळा कुणीतरी हुकातून काढून घेतला होता.

दार उघडंच होतं. अण्णा खुर्चीत बसले होते आणि मांडीवर रजिस्टर होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडून टेबलावर ठेवली. आत लोलक होता.

"सकाळी मीच काढला," ते म्हणाले. "काल त्या बिचाऱ्याचे गुडघे बघितले ना, मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, एकदा बघूया. घंटेची जीभ काढून ठेवूया आन् बघूया वाजते का."

"मग?"

"सहा वेळा वाजली."

रजिस्टर त्यांनी माझ्याकडं फिरवलं. सहा नोंदी होत्या, माझ्या मोजण्याशी बरोबर जुळणाऱ्या. इसमाच्या रकान्यात सहाही ठिकाणी 'मी' असं लिहिलेलं होतं. संशयाचा रकाना कोरा.

"बसा की," ते म्हणाले आणि शब्दकोश ओढला. तो खाकी कागदाचं कव्हर घातलेला, पाठ निखळलेला ठोकळा. त्यांनी एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. टिनिटस. कानात नाद ऐकू येण्याचा विकार. खाली बारीक अक्षरात मूळ दिलेलं होतं: लॅटिन, टिन्नीरे.

"एकाच आईची दोन लेकरं," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी थोरल्याचे लाड केले. धाकटा कानात येऊन बसलाय, ते मला कळलं नाही. काखेत कळसा आन् मी फाटकात जाऊन शोधतोय." ते हसले. खरं सांगते, मला हसू आलं नाही. मला त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं की त्यांचा हात धरावासा वाटला. भीती वाटत असताना स्वतःच्याच कानावर असा प्रयोग करायला किती धीर लागतो. आमच्या ऑफिसात इतकी स्वच्छ टेस्ट कुणी करत नाही.

"डॉक्टरकडं जाऊ या, अण्णा. मी येते नं सोबत."

"डॉक्टरकडं गेलं की कागद होतो. कागद झाला की मुलीला कळतं." त्यांनी शब्दकोश मिटला. "तिला काय वाटेल? नसलेली घंटा ऐकतो म्हणजे म्हाताऱ्याला वेड लागलं. मग हे घर गेलं की, अक्का. मला दुसरं काही नको. मला इथं राहू दे. समोर जाऊन मी उद्या माफी मागतो. पण तिला सांगू नका."

'तिला सांगू नका' असं ते म्हणाले, त्यावरून मी समजायला हवं होतं की माझे रविवारचे फोन त्यांना ठाऊक आहेत. बहुधा पहिल्यापासून. मी म्हटलं, "सरी अण्णा, नाही सांगत." त्यांचाच शब्द वापरला, म्हणजे वचन जरा पक्कं वाटेल. दुसऱ्या दिवशी ते खरोखर समोर गेले. काय बोलले ते मला दिसलं नाही, पण संध्याकाळी समोरच्या बाईंनी डबाभर चकल्या पाठवल्या.

त्या रविवारी मुलीला मी सांगितलं की सगळं ठीक.

मग माझा स्वभाव आडवा आला. शब्दकोशात बघून कुणी रोग ओळखतं का? समजा हे कानाचं नसेल आणि डोक्याचंच असेल तर? आज घंटा ऐकू येते, उद्या माणसं दिसायला लागली तर? गॅस चालू राहिला तर? आणि तसं काही झालं तर मुलगी मला विचारणार की तुम्हाला माहीत होतं का. चोराच्या मनात चांदणं, तशी मी रात्रंदिवस उत्तरं जुळवायला लागले. मी अण्णांना तपासायलाही सुरुवात केली. ते पाठमोरे असताना हळू हाक मारून बघायची. त्यांच्या खुर्चीमागं फोनचा अलार्म लावून ठेवायचा आणि ते वळतात का बघायचं. ते वळायचे नाहीत. पण त्यानंतर कधीतरी, जेव्हा काहीही वाजत नसायचं, तेव्हा ते मान उचलून दाराकडं बघायचे, आणि मग स्वतःशीच हात झटकून पुन्हा पेपर वाचायला लागायचे. कधी उठून फाटकापर्यंत जाऊनही यायचे. आपला शोध बरोबर आहे याची ते पुन्हा पुन्हा खात्री करून घेत असतील, असं मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त वेळा टिपल्या.

पंधरा दिवसांनी मी मेल लिहिली. लॅपटॉपसमोर बसले आणि बोटं आपोआप सवयीच्या वाटेनं गेली. काय केलं: घंटेला लोलक नव्हता. काय व्हायला हवं होतं: आवाज ऐकू येऊ नये. काय झालं: त्यांना दिवसात सहा वेळा घंटा ऐकू आली, सहाही वेळा ते रस्त्यावर गेले. खाली तारखा, वेळा, शेजाऱ्यांशी झालेलं भांडण, मागून हाका मारल्याचे निकाल. लोलक कुणी काढला होता ते मी लिहिलं नाही. आमच्या पद्धतीत कारण लिहायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की ते लिहिलं असतं तर पुढंही लिहावं लागलं असतं, की त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, की मी गप्प राहण्याचं वचन दिलं, की दोन आठवडे मी तुमच्याशी खोटं बोलले. शेवटी गांभीर्य किती, या ओळीपुढं मी 'अत्यंत' असं लिहिलं. का लिहिलं? कारण आमच्याकडं 'मध्यम' लिहिलेल्या गोष्टींकडं कुणी ढुंकून बघत नाही.

दहा दिवसांत मुलगी येऊन थडकली. तिनं अण्णांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं, मग मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं. वयामुळं ऐकू कमी येतं, म्हणून कानात नाद वाजतो, डोकं ठणठणीत आहे. कानाला मशीन लावा, आवाज पुष्कळ कमी होईल. अण्णांचं निदान शब्दकोशातल्या शब्दासकट बरोबर निघालं होतं. मला वाटलं, सुटलो बाबा. आता सगळं जागच्या जागी राहील.

मुलगी वर माझ्याकडं चहाला आली. डोळ्यांखाली काळं झालेलं. "डॉक्टर म्हणतात डोकं ठीक आहे," ती म्हणाली. "पण तुमचा मेल मी पन्नास वेळा वाचलाय. लोलक नाही हे डोळ्यांना दिसत असताना माणूस सहा वेळा रस्त्यावर जातो. म्हणजे त्यांना कळतच नाही हो, की ही घंटा खरी नाही. आज कानाचं निघालं. उद्याचं काय? मी तिकडं बसून कशी झोपू?"

ती वाईट बाई नव्हती. तिला घर विकायची घाई आहे असा मला बरेच दिवस संशय होता, पण त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात ती रडली ती बापासाठीच रडली. मी कप हातात धरून उभी होते. 'कळतं हो त्यांना, सगळं कळतं,' एवढंच म्हणायचं होतं. मी तिला विचारलं, साखर पुरेशी आहे का?

घराचा व्यवहार ठरला. मला महिन्याची मुदत मिळाली, मी सर्जापूर रोडला एका मोठ्या सोसायटीत जागा बघितली. अण्णांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं की ते रजिस्टर उघडतील, तारखा दाखवतील, भांडतील. उलट सकाळी कॉफी घेताना तो लांबलचक शब्दही ऐकू येईना.

अण्णांच्या मेलबर्नला निघायच्या दिवशी दुपारची फ्लाइट होती. टॅक्सी फाटकाशी उभी, मुलगी डिकीत बॅगा लावून घेत होती. अण्णा व्हरांड्यात उभे होते. नवा सदरा, कानामागं नवं मशीन. मी नमस्काराला वाकले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझी मेल होती, छापून घेतलेली.

"मुलीनं वाचायला दिली," ते म्हणाले.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "अण्णा, मी..."

"स्वल्प थांबा. इंग्रजी चांगलं आहे तुमचं. वेळाही बरोबर आहेत. सहाच्या सहा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, निदान मला तरी सापडला नाही. मी शोधत होते. "एक ओळ राहिली. लोलक मी काढला होता. वाजते का बघायला. आन् वाजली, म्हणून मला कळलं. ते यात कुठं आहे? मी दोनदा वाचलं की."

ती ओळ असती तर मुलीला कळलं असतं की आपल्या बापाचं डोकं अजून भल्याभल्यांपेक्षा चांगलं चालतं. तिनं काळजी केली असती, आली असती, कानाला मशीन बसवून परत गेली असती. घर राहिलं असतं. माझी लाज वाचवायला मी ती एवढी ओळ गाळली, हे मी त्यांना सांगू शकले नाही. त्यांना ते कळलेलं आहे, हे मात्र मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

तेवढ्यात मुलगी व्हरांड्यात आली आणि तिनं मला मिठी मारली. "तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली. मग वडलांकडं वळून म्हणाली, "अण्णा, यांनी कळवलं नसतं तर आपल्याला काही कळलंच नसतं. नाही का?"

मशीनमुळं त्यांना आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते एक वाक्य बोलले असते तर माझं सगळं उघडं पडलं असतं. त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली, खिशात ठेवली, आणि म्हणाले, "होय. अक्कांनी सगळं लिहिलं."

आणि ते पायऱ्या उतरून टॅक्सीत जाऊन बसले. त्यांनी मला सांभाळून घेतलं की जन्मभराची शिक्षा देऊन ठेवली, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. टॅक्सीची काच खाली होती. मुलगी माझ्यापासून चार हातांवर होती, आणि ड्रायव्हर नकाशा लावत असल्यामुळं गाडी मिनिटभर जागची हलली नाही. ताई, थांबा, एक गोष्ट राहिली आहे, एवढं म्हणायला तो वेळ पुष्कळ होता. मुलीनं खिडकीतून हात हलवला. मीही हात हलवला.